चवथ, नाताळ आणि ड्यूटी : वास्को–लोंढा मार्गावरील जुन्या दिवसांविषयी

मीटरगेज (धागाकर्ता) :

रेल्वेच्या नोकरीत राष्ट्रीय सुट्ट्या तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कचेरीत बसणाऱ्या मंडळींसाठी सणांची वेगळी यादी निघत असे. परंतु गाडी चालविणारा, गाडी सोडणारा आणि रूळ राखणारा यांचा त्या यादीशी संबंध नव्हता. त्यांना मिळे ती आठवड्याची विश्रांती, आणि तीही रोस्टरमध्ये ज्या वारी लिहिलेली असेल त्या वारी. चवथ (गणेशचतुर्थी), दसरा, नरकचतुर्दशी किंवा नाताळ त्याच वारी आला तर माणूस घरी, नाही तर स्थानकावर.

मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मीटरगेज (एक मीटर रुंदीचा लहान रूळमार्ग) उखडले जाईपर्यंत गोव्याच्या वास्को–लोंढा मार्गावर आधी सहायक स्टेशनमास्तर आणि पुढे स्टेशनमास्तर म्हणून काम केले. त्या काळाविषयी जे लिखाण वाचनात येते ते बहुधा दूधसागराच्या धबधब्याविषयी आणि वाफेच्या इंजिनांविषयी असते. सणाच्या दिवशी ती गाडी कोण चालवीत होते, कोणाच्या जागी कोण उभे होते, हे कोणी लिहिलेले मला आढळले नाही. म्हणून हा धागा.

मुंबईहून गोव्यात येण्याचे सामान्य माणसाचे मार्ग त्या वेळी तीन होते : बोट, बस आणि घाटमाथ्यावरून वळसा घालून येणारी रेल्वे. बोट पावसाळ्यात बंद असे आणि चवथ भाद्रपदात, म्हणजे नेमकी बोट बंद असतानाच येई. त्यामुळे मे महिन्यात जी गर्दी तीन वाटांनी विभागली जाई, ती चवथीला दोनच वाटांवर कोसळे. रेल्वेने येणाऱ्यांना १९७१पर्यंत पुण्याला आणि त्यानंतर मिरजेला ब्रॉडगेजची (रुंद रुळांची) गाडी सोडून मीटरगेजच्या लहान डब्यांत शिरावे लागे. मुंबईची गाडी उशिरा आली की मिरजेला आमची गाडी तिच्यासाठी थांबून राही, आणि तो उशीर लोंढा, कॅसलरॉक, कुळें असा उतरत उतरत वास्कोपर्यंत पोहोचे. एकेरी मार्ग असल्यामुळे एका गाडीचा उशीर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या क्रॉसिंगला लागत असे. माझी पाळी सकाळी संपायची असली तरी ब्लॉकवर, म्हणजे दोन स्थानकांमधल्या लांबीत, घेतलेली गाडी पुढच्या स्थानकापर्यंत सुखरूप गेल्याखेरीज आणि माझ्या जागी दुसरा मास्तर आल्याखेरीज मला टोकनच्या (एकेरी मार्गावर गाडीला पुढे जाण्याची परवानगी देणाऱ्या) यंत्रापासून हलता येत नव्हते.

गर्दी वाढली म्हणून डबे वाढविणे हाही सोपा उपाय नव्हता. कुळें ते कॅसलरॉक हा घाट सुमारे ३७ला १ अशा चढाचा. तिथे इंजिनांना जेवढा भार ओढवेल आणि उतरताना ब्रेकला जेवढा सावरेल, तेवढीच गाडी. जादा गाडी सोडायची तर एकेरी मार्गावर तिला वाट कोठून द्यायची, हा प्रश्न. शेवटी माणसे त्याच डब्यांत कोंबली जात आणि फलाटावर त्यांना आवरण्याचे काम एका पोर्टरवर पडे.

या सगळ्यांतून आम्ही निभावून नेत होतो ते ड्यूटीच्या अदलाबदलीवर. माझे सासष्टीतील ख्रिस्ती सहकारी चवथीच्या दोन दिवसांच्या पाळ्या उचलीत आणि आम्ही २४ डिसेंबरची रात्र व २५चा दिवस त्यांच्यासाठी करीत असू. दोघांनी सही केलेला अर्ज वरिष्ठांकडे जाई आणि बहुधा मंजूर होई. गावच्या फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) दिवस आणि आमच्या देवळाची जत्रा यांचाही हिशेब या अदलाबदलीत असे. कोणाचे कोणाकडे किती देणे आहे हे सर्वांना तोंडपाठ होते. इतरांचा अनुभव काय होता, तो जरूर लिहावा.

कुळें यार्ड :

मास्तरांना निदान पाळी होती. माझे वडील कुळें येथे फायरमन होते आणि पुढे ड्रायव्हर झाले. रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर चालणाऱ्यांच्या, घरात पाळी नसते, कॉल असतो. कॉलबॉय वही घेऊन क्वार्टरच्या दारात येई, नाव पुकारी, वेळ सांगे आणि सही घेई. ती वेळ पहाटे दोनची असो वा ऐन आरतीची, सही केली की माणूस रेल्वेचा. आमच्या आईला दारावरची थाप ऐकताच ती शेजाऱ्याची की कॉलबॉयची हे कळत असे, आणि सणाच्या दिवसांत ती थाप पडताच ती न बोलता डबा भरायला घेई.

कुळेंचे वेगळेपण बँकरमुळे होते. वर जाणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठी येथे जादा इंजिन लागे, ते कॅसलरॉकला सुटे आणि एकटेच घाट उतरून परत येई. म्हणजे एक गाडी वर चढवायची तर दोन इंजिनांवरची माणसे कामाला लागत. सणाच्या आगेमागे प्रवासी गाड्या उशिरा धावू लागल्या की मालगाड्या यार्डात अडकून पडत. सण ओसरला की त्या सर्व एकामागून एक काढाव्या लागत. बंदरात उभे असलेले खनिजाचे जहाज गणपती पाहून थांबत नाही. त्यामुळे चवथीला ज्यांना घरी जाता आले त्यांनाही दीड दिवसाचे विसर्जन आटोपताच धावत परत यावे लागे, आणि पाच दिवसांचा गणपती असलेल्या घरातला माणूस तर दुसऱ्याच दिवशी जड पावलांनी निघे.

वाफेच्या इंजिनावर घाट चढताना फायरमनला उसंत नसते. बॉयलरचा दाब खाली आला तर गाडी मध्येच थांबते, आणि त्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे म्हणजे दिव्य. पावसात कोळसा भिजलेला, बोगद्यात धूर परत अंगावर येणारा, तोंडावर ओला फडका बांधलेला, अशा अवस्थेत वडिलांनी कित्येक चवथी काढल्या. त्यांच्या तोंडून तक्रार मात्र एकाच गोष्टीची ऐकली. आमचे मूळ घर फोंडा तालुक्यात. आपल्याकडे चवथ मूळ घरीच होते. भाऊबंदांचा गणपती एक, माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची आरास) एक, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला माटोळीचे काही ना काही काम ठरलेले. रानातून कांगलां, माट्टुळिंगां, सुपाऱ्यांचे घोस आणायचे, ते बांधायचे. वडिलांच्या वाट्याचे काम वर्षानुवर्षे चुलत्यांनी केले, आणि पुढे ते काम त्यांचेच झाले. वडील निवृत्त होऊन घरी आले तेव्हा माटोळीखाली त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. हे त्यांना फार लागले होते.

दसऱ्याची गोष्ट निराळी. खंडेनवमीला शेडमध्ये इंजिनाची पूजा होई, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, नारळ, सगळे यथासांग. हुबळीकडची मंडळी त्याला आयुधपूजा म्हणत आणि ती आमच्यापेक्षा अधिक थाटाने करीत. तो एकच सण असा की ड्यूटीवर असणारा माणूस सणाच्या आत होता.

फातोर्डा :

दोघांचेही लिखाण आवडले. माझे यजमान मडगावला बुकिंग क्लार्क होते, त्यामुळे मी खिडकीच्या आतली बाजू सांगू शकते.

सर्वांत कठीण काळ होता तो १९७४-७५च्या शवप्रदर्शनाचा. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन २३ नोव्हेंबरला सुरू झाले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. म्हणजे ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, नाताळ आणि नववर्ष, सगळे त्याच्या पोटात. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, करमळीचे स्थानक नव्हते. जुन्या गोव्याला जाणारा बाहेरचा यात्रेकरू मडगावला उतरे आणि तेथून बसने पुढे जाई. झुवारीवर पूलही नव्हता, तो १९८३चा. कुठ्ठाळीला फेरीबोटीची रांग असे. या यात्रेकरूंना परतीचे तिकीट हवे असे ते आमच्या खिडकीवर.

आजच्या मुलांना पुठ्ठ्याचे तिकीट दाखवावे लागेल. ठरावीक स्थानकांची तिकिटे छापून आलेली असत, कपाटातल्या कप्प्यातून तिकीट काढायचे, तारखेच्या यंत्रात दाबायचे, पैसे मोजायचे. परंतु यात्रेकरू येत ते दूरदूरच्या गावांचे, आणि त्यांच्या गावाचे छापील तिकीट मडगावला नसे. मग कोऱ्या कागदी तिकिटावर हाताने स्थानकाचे नाव, मार्ग, अंतर पाहून भाडे, असे सर्व लिहावे लागे. एका माणसाला पाच-सात मिनिटे लागत आणि मागे रांग वाढत राही. पाळी संपल्यावर तिकिटांचे शेवटचे क्रमांक आणि रोकड जुळली पाहिजे. कमी पडली तर ती स्वतःच्या पगारातून. नाताळच्या रात्री हे घरी आले ते मिसाची (चर्चमधील प्रार्थनेची) घंटा होऊन बराच वेळ झाल्यावर, आणि बोटांना तिकिटांच्या शाईचा डाग तसाच होता.

त्या वर्षी यांनी नाताळची पाळी एका ख्रिस्ती सहकाऱ्याकडून मागून घेतली होती, हे मुद्दाम नोंदविते. त्या सहकाऱ्याच्या घरून दुसऱ्या दिवशी कुसवाराचे (नाताळच्या फराळाचे) ताट आले, त्यात दोदोल, नेवऱ्या, बेबिंका, आणि आमच्या मुलांना ते इतके आवडले की पुढच्या चवथीला आमच्याकडून पातोळ्या गेल्या. हा व्यवहार त्यांच्या बदलीपर्यंत चालू राहिला.

कामगारकायदा :

अदलाबदलीच्या आठवणी हृद्य आहेत, परंतु त्यांच्या आड एक गोष्ट झाकली जात आहे असे मला वाटते. मी वकिली करतो आणि रेल्वे कामगारांची काही प्रकरणे चालविली आहेत.

रेल्वेत कामाच्या तासांसाठी कर्मचाऱ्यांचे वर्ग पाडलेले आहेत. १९४७चा न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा निवाडा त्याचा पाया. ज्याच्या कामात सतत लक्ष लागते तो ‘इंटेन्सिव्ह’, सर्वसाधारण काम करणारा ‘कंटिन्युअस’, आणि ज्याच्या पाळीत मधूनमधून बराच वेळ रिकामा जातो असे मानले जाते तो ‘इसेन्शियली इंटरमिटंट’. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३२मध्ये हे आकडे आजही आहेत : आठवड्याला ४५ तास, ५४ तास आणि ७५ तास. जुन्या कायद्यातही ५४ आणि ७५ हेच आकडे होते. म्हणजे ज्या लहान स्थानकावर दिवसाला मोजक्या गाड्या थांबतात तेथील माणूस बारा बारा तासांच्या पाळीत काम करू शकतो, कारण कागदावर तो अधूनमधून बसलेला असतो. हे वर्गीकरण नेहमीच्या दिवसांच्या कामाचे मोजमाप करून ठरते. चवथीला किंवा नाताळला त्याच स्थानकावर माणूस बारा तास उभा असला तरी त्या आठवड्यापुरता त्याचा वर्ग बदलत नाही. मीटरगेज साहेबांच्या सणाच्या पाळीचे ओझे नेमके या फटीत होते.

अदलाबदलीने कामाचे तास कमी होत नाहीत, ते फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातात. रजेच्या जागी माणूस देता यावा म्हणून लीव्ह रिझर्व्ह आणि विश्रांतीसाठी रेस्ट गिव्हर ही पदे असतात. ती पुरेशी भरलेली असती तर सणाची रजा मागणे म्हणजे उपकार मागणे ठरले नसते. सामंजस्य फुकट मिळत असल्यामुळे जादा माणसांवर खर्च करण्याची निकड कोणाला वाटली नाही. आणि मुख्य म्हणजे, जे अदलाबदल करू शकत नव्हते त्यांचे काय? घाटातील गँगमनने (रूळ राखणाऱ्या कामगाराने) चवथीला कोणाशी पाळी बदलायची?

मीटरगेज :

वर्गीकरणाविषयी आपले म्हणणे अक्षरशः खरे आहे. मी ज्या एका स्थानकावर होतो तेथे बारा तासांचीच पाळी होती आणि जोडीदार आजारी पडला की चोवीस तासही झाले आहेत.

परंतु अदलाबदल नसती तर प्रशासनाने माणसे वाढविली असती, हे अनुमान मला पटत नाही. अदलाबदल नसती तर रजा नाकारली गेली असती, आणि लोकांनी तब्येतीचे कारण दाखवून सिक मेमो मागितला असता. ज्या ठिकाणी सर्व कर्मचारी एकाच धर्माचे आणि एकाच प्रांताचे होते तेथे हेच होत असे. दिवाळी आली की आजाऱ्यांची रांग लागे आणि जो प्रामाणिकपणे हजर राही त्याच्यावर डबल ड्यूटी पडे. गोव्यात ते कमी झाले, याचे कारण आमचा चांगुलपणा नव्हे. आमच्या पंचांगातले मोठे दिवस वेगवेगळे होते, एवढेच. शिवाय हुबळी विभागातून आलेले कन्नड, तेलुगू, तमिळ सहकारी होते, त्यांना उगादी आणि पोंगल हवे असे, जे आम्हाला नको होते. दिवाळी मात्र सर्वांनाच हवी असे, आणि ती सर्वांत कडू जाई. नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुर जळत असताना स्थानकात मी एकटा, आणि घरून आलेले फोव (पोहे) डब्यात गार झालेले, असे प्रसंग माझ्याच नव्हे, प्रत्येकाच्या वाट्याला आले आहेत.

गँगमनच्या बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या घरातील कोणी येथे असेल तर लिहावे.

करंझोळ :

आहे. माझे आजोबा घाटात गँगचे मेट (मुकादम) होते. आम्हा नातवंडांपैकी रेल्वेत कोणी गेले नाही, परंतु आजोबांनी आणि आजीने सांगितलेले पुष्कळ लक्षात आहे, आणि शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गँगच्या चाळीत राहिलेलो आहे.

कॅसलरॉक सोडल्यावर करंझोळ, दूधसागर, सोनालियम आणि मग कुळें, अशी घाटातली स्थानके. मधल्या तिन्हींपाशी धड रस्ता नव्हता. दुकान नाही, डॉक्टर नाही. बाजार करायचा तर गाडीने कुळेंला किंवा वर जायचे, आणि आजारी माणसालाही गाडीच. गँगचे रोजचे काम म्हणजे स्लीपरखालची खडी ठासणे, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट कसणे, गटारे मोकळी ठेवणे. कीमन रोज सकाळी आपल्या लांबीचा रूळ चालत तपासतो, चावी सैल झाली असेल तर ठोकतो. हे बारमाही झाले. पावसाळा सुरू झाला की त्यावर रात्रीची गस्त चढे आणि जेथे दरड येण्याची भीती तेथे कायमचा पहारेकरी बसे.

गस्तवाल्याजवळ काय असे ते सांगतो : लाल-हिरव्या काचेची हातबत्ती, फटाका सिग्नलांचा (चाक वर येताच मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करणाऱ्या फटाक्यांचा) डबा, शिट्टी, आणि गस्तीचे पुस्तक. दोन गस्तवाले आपापल्या टोकांकडून चालत येत, मधल्या ठिकाणी भेटत, पुस्तके बदलत आणि परत फिरत. पुस्तक बदललेले दिसले म्हणजे मधला सगळा रूळ माणसाच्या पायाखालून गेला, ही त्याची खातरजमा. दरड दिसली तर काय करायचे हे आजोबा झोपेतही म्हणून दाखवीत. मीटरगेजवर अडथळ्यापासून ४०० मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा, ८०० मीटरवर दहा दहा मीटर अंतराने तीन लावायचे, आणि लाल बत्ती दाखवीत उभे राहायचे. गाडी कोणत्या बाजूने आधी येणार हे ठाऊक नसेल तर जी बाजू अधिक घातक, म्हणजे उताराची, ती आधी सांभाळायची. वरून उतरणारी गाडी लवकर थांबत नाही. हे सर्व रात्री, मुसळधार पावसात, बोगद्यातून आणि पुलांवरून, इरल्याखाली बत्ती विझू न देता.

आता चवथ. भाद्रपदात पाऊस ओसरतो असे घाटाखालच्या लोकांना वाटते; घाटात तसे नसते, आणि अडीच-तीन महिने भिजून फुगलेला डोंगर तेव्हाच अधिक बेभरवशाचा असतो. त्यामुळे पावसाळी गस्त चालू असेपर्यंत गँगमधील कोणालाही सहसा रजा नसे. कामगारकायदा यांनी विचारले तसे, बदली करायला समोर माणूसच नव्हता, कारण सगळी गँग एकाच कामाला जुंपलेली. ख्रिस्ती सहकारी गँगमध्ये जवळजवळ नव्हते. आजोबांचे गाव सांगेच्या बाजूला, सरळ अंतर पाहिले तर फार लांब नव्हे. तरी त्यांच्या नोकरीतील बहुतेक चवथी चाळीत गेल्या.

चाळीत एक गणपती आणत. मूर्ती कुळेंहून गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून (गार्डच्या डब्यातून) येई आणि गार्ड ती स्वतःच्या पेटीशेजारी ठेवून घेई. त्या दिवशी गार्ड कोण आहे याची चौकशी आजी आधीच करून ठेवीत असे, कारण सगळेच गार्ड ती जबाबदारी घेत नसत. पूजा कोणत्या वेळी करायची हे भटजी ठरवीत नव्हता, भटजीच नव्हता. जो गस्तीवरून परत आला त्याने आंघोळ करून पूजा करायची, जो जाणार त्याने प्रसाद घेऊन जायचे, आणि आरती दोनदा व्हायची, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या माणसांना ती मिळे. घाटात माटोळीच्या सामानाची वाण नव्हती, रान दाराशीच होते. आजी म्हणत असे की गावच्या माटोळीपेक्षा चाळीची माटोळी भरगच्च असे. ते खरे असेल; परंतु आजोबांनी त्याला कधी दुजोरा दिलेला मला आठवत नाही.

बालपण वास्को :

छोटीशी भर. वास्कोत रेल्वे कर्मचाऱ्यांचा खरा कस चवथीपेक्षा दामोदर सप्ताहाला लागत असे, असे माझे वडील म्हणत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा तो चोवीस तासांचा अखंड भजनाचा सोहळा, आणि त्यासाठी कुळें, सावर्डें, मडगाव, कांसावली अशा सगळ्या बाजूंनी माणसे गाडीनेच येत. वडील पॉइंट्समन (यार्डात रूळ बदलणारे) होते. भजनी मंडळात टाळ धरणारे निम्मे लोक रेल्वेचे, आणि ज्याची पाळी सुरू होई तो टाळ दुसऱ्याच्या हाती देऊन यार्डात जाई.

सावर्डें :

या धाग्यावर १९७४च्या मे महिन्याचा उल्लेख व्हायला हवा. ८ ते २७ मे असा देशभराचा संप झाला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली. मुंबईतले गोंयकार आंब्या-फणसांसाठी गावी यायचे दिवस तेच. बोट चालू होती म्हणून अनेकांची सोय झाली. घाटमार्गे येणाऱ्यांची झाली नाही. संपाच्या मागण्यांत बोनस होता, पगार होता, आणि कामाचे तासही होते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९७३मध्ये, लोको रनिंग स्टाफने संप करून दहा तासांच्या ड्यूटीचे तत्त्व सरकारकडून मान्य करून घेतले होते. ते प्रत्यक्षात किती उतरले हा भाग अलाहिदा.

क्वार्टरमध्ये राहणाऱ्या संपकऱ्यांच्या घरी त्या वीस दिवसांत पुरुष नसत. अटक टाळण्यासाठी ते गावी, नातेवाइकांकडे, काही तर काजूच्या बागांत राहिले. माझ्या आईने नंतर एकदा सांगितले की लग्नानंतर वडील सलग इतके दिवस ड्यूटीवर नव्हते असे तेव्हाच प्रथम घडले, आणि तरीही ते घरी नव्हते. बडतर्फ झालेल्यांना १९७७ साली जनता सरकार आल्यावर परत घेतले गेले. बोनस १९७९ पासून सुरू झाला आणि तो दसऱ्याच्या सुमारास हाती पडू लागला, हा मात्र सणाशी थेट जोडलेला बदल म्हणायला हवा. आमच्या घरात नवे कपडे त्यानंतर दसऱ्यालाच येऊ लागले.

काणकोण :

मी कोकण रेल्वेत ट्रॅकमन म्हणून सुरुवात केली, आमच्या विभागात गाड्या नियमित धावू लागल्यानंतर लगेचच. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने सर्वांना रडविल्यावर जानेवारी १९९८मध्ये मार्ग सलग झाला, आणि त्या वर्षीपासून चवथीची सगळी गणिते बदलली. मीटरगेज साहेबांच्या काळात गर्दी घाटावरून येई, आमच्या काळात ती रोह्याकडून सरळ येऊ लागली. गणपती स्पेशल सुटू लागल्या.

परंतु करंझोळ यांनी लिहिलेले वाचताना मला वाटले की गस्तीचे प्रकरण फारसे बदललेले नाही. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक बहुतेक वर्षी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे राहिले आहे, म्हणजे चवथ कितीही उशिरा आली तरी ती त्याच्या आतच. जास्तीत जास्त गाड्या, जास्तीत जास्त पाऊस आणि जास्तीत जास्त गस्त हे तिन्ही एकत्र येतात. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर आदळून घसरली ती गाडी कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. मे महिन्याची सुट्टी संपवून परतणारी कुटुंबे होती. पुढच्याच वर्षी १६ जूनला मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. त्यानंतर डोंगरांचे उतार कमी केले, जाळ्या बसविल्या, वेग उतरवला. जोराच्या पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटर. प्रवासी गाडी उशिरा धावते म्हणून चिडतात, त्यांना ते वेळापत्रक कशामुळे तसे आहे हे कोणी सांगत नाही.

आमच्याकडे अदलाबदल होते, पण गस्तीत नाही. गस्तीत आमचा मुकादम एक नियम पाळी : ज्याच्या घरी त्या वर्षी नवे लग्न किंवा नवे मूल, त्याला चवथीचा पहिला दिवस, बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या. कोणी त्याविरुद्ध बोललेले मी ऐकले नाही, मनातून कुरकुरले मात्र सगळे.

फातोर्डा :

काणकोण, आपला मुकादम शहाणा म्हणायचा. मीटरगेज साहेबांना एक विचारायचे आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी काम केल्याबद्दल वेगळा भत्ता मिळत असे, असे आमच्या यांच्या बोलण्यात येई. तो सर्वांना मिळे का? आणि चवथीला किंवा नाताळला तसे काही का नव्हते?

मीटरगेज :

राष्ट्रीय सुट्टीचा भत्ता मिळे तो त्या दिवशी प्रत्यक्ष ड्यूटी केलेल्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना. ज्याची साप्ताहिक विश्रांती त्याच दिवशी पडली असेल तो घरी राही आणि त्याला भत्ता नसे. त्यामुळे एक गंमतीची गोष्ट होई : चवथीला विश्रांती मिळावी म्हणून अर्ज येत, तर १५ ऑगस्टला ड्यूटी मिळावी म्हणून. रोस्टर हाताळणाऱ्या कारकुनाकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही प्रकारचे अर्ज एकाच वेळी पडलेले असत, आणि ज्याने १५ ऑगस्टची पाळी दुसऱ्याला सोडली त्याला चवथीची विश्रांती सहज मिळून जाई. माझ्या आठवणीप्रमाणे चवथ, दिवाळी, नाताळ यांना तेव्हा आमच्याकडे भत्ता नव्हता, कारण नियमाच्या दृष्टीने रनिंग व स्टेशन स्टाफसाठी ते कामाचेच दिवस होते.

कामगारकायदा यांच्याकडे राजाध्यक्ष निवाड्यातील विश्रांतीविषयीचा भाग असेल तर त्यांनी तो सवडीने येथे मांडावा. जुन्या गार्ड मंडळींपैकी कोणी ब्रेकव्हॅनमधून आणलेल्या मूर्तींविषयी लिहिणार असतील तर तेही हवे आहे.